पेशीपटलातली रांग: थंडीत दिसते, जिवंतपणी कशी टिकते?

केंदूर हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, पाबळच्या शेजारचे, वेळ नदीकाठचे गाव. हा सगळा जिरायती पट्टा. पावसाचा भरवसा नाही, म्हणून दावणीच्या संकरित गाईंचे दूध हा घरखर्चाचा मोठा आधार. डेअरीवर दुधाचा दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. यातली फॅट म्हणजे दुधात तरंगणारे चरबीचे सूक्ष्म गोलक. गाईच्या दुधात त्यांचा व्यास सरासरी चार मायक्रोमीटरच्या आसपास असतो आणि एका मिलिलिटरमध्ये ते अब्जांनी असतात. हे गोलक उघडे नसतात. कासेतल्या पेशीतून चरबीचा थेंब बाहेर पडताना त्या पेशीच्या पटलाचा एक तुकडा स्वतःभोवती लपेटून घेतो. म्हणजे दुधाच्या प्रत्येक थेंबात गाईच्या पेशीपटलाचे असंख्य तुकडे असतात, आणि दुधावाटे ते आपल्या पोटात जातात.

फ्रान्समधल्या रेन येथील क्रिस्टेल लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या गोलकांवर चमकणारे रंगद्रव्य लावून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सगळे पटल चमकत होते, पण मध्येमध्ये गोल, काळे ठिपके होते. तिथे रंगद्रव्य शिरतच नव्हते. त्यांनी लावलेला अर्थ असा: या ठिपक्यांत स्फिंगोमायलिन नावाचा मेद आणि कोलेस्टेरॉल इतके दाटीने बसले आहेत की परक्या रेणूला जागा नाही. पटलाच्या आतच, भिंत किंवा कुंपण नसताना, मेदांनी वेगळी वस्ती केली होती.

मग साधा प्रश्न येतो. ज्या जिवंत पेशीतून हे पटल आले, तिच्या अंगावर असे ठिपके असतात का? गेली तीसहून अधिक वर्षे जीवभौतिकीत या प्रश्नावर कडाक्याचा वाद चालू आहे. या वादातला मोठा गोंधळ थंडीने घातला, आणि त्याचा उलगडाही बराचसा थंडीच्याच अभ्यासातून होतो, हे मला या लेखात मांडायचे आहे. त्या उलगड्यात मुंबई आणि बंगळूरच्या प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे. पुणे जिल्ह्यातल्या गोठ्यांशीही त्याचा थेट संबंध आहे.

आधी पटलाची रचना पाहू. १९२५ मध्ये हॉलंडमधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे मेदाचे दोन थर एकमेकांना पाठ लावून असले पाहिजेत. निष्कर्ष अचूक होता, पण मोजणीत दोन चुका होत्या: मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचे जे चित्र दिले ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे: मेदांचा जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा द्रव पडदा आणि त्यात इकडेतिकडे फिरणारी प्रथिने. या चित्रात मेद हा फक्त माध्यम होता. प्रथिने काम करतात, मेद त्यांना तरंगू देतो, एवढीच त्याची भूमिका.

पण मेदाला स्वतःचा स्वभाव असतो. तूप पौषात थिजते आणि शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, याचे कारण रेणूंच्या शेपट्यांत आहे. सरळ, संपृक्त शेपट्या एकमेकींना चिकटून रांगेत बसतात; दुहेरी बंधामुळे वाकलेल्या शेपट्यांना तसे बसता येत नाही. पटलातही हेच चालते. दोन्ही शेपट्या सरळ असलेले काही मेद शुद्ध स्वरूपात ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात, तर दोन्ही शेपट्या वाकलेले मेद शून्याच्या खाली गेल्याशिवाय थिजत नाहीत. प्राण्यांच्या बाह्य पेशीपटलात दोन्ही जातींचे मेद एकत्र नांदतात, आणि त्यांच्या जोडीला कोलेस्टेरॉल असते, तेही एकूण मेदरेणूंच्या तीस-चाळीस टक्के.

कोलेस्टेरॉलची बदनामी आपण रक्ताच्या अहवालात वाचतो. पटलात मात्र त्याचे काम विलक्षण आहे. थिजू पाहणाऱ्या मेदांत घुसून ते त्यांना पूर्ण थिजू देत नाही, आणि सैल मेदांच्या शेजारी बसून त्यांना ताठ करते. त्यातून एक तिसरीच अवस्था जन्मते, जिला डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये सिद्धान्ताची बैठक दिली: सुव्यवस्थित द्रव. वारीतल्या दिंडीत वारकरी ताठ, ओळीने चालतो, तरी ओळ पुढे सरकत असते आणि शेजारचा माणूस बदलत असतो. तसेच इथे शेपट्या ताठ आणि समांतर असतात, रेणू मात्र आपापल्या जागा सोडून वाहत राहतात. घनाची शिस्त आणि द्रवाची हालचाल एकाच ठिकाणी. पेशीला नेमकी हीच अवस्था सोयीची असते, कारण पूर्ण थिजलेल्या पटलात प्रथिने अडकून पडतील आणि पूर्ण सैल पटलात कोण कुठे आहे याचा पत्ता राहणार नाही.

१९९७ मध्ये काई सायमन्स आणि एलिना इकोनेन यांनी 'नेचर'मध्ये मांडले की स्फिंगोलिपिड (स्फिंगोमायलिनच्या जातीचे मेद) आणि कोलेस्टेरॉल यांचे असे सुव्यवस्थित तराफे जिवंत पटलात तरंगतात, ठरावीक प्रथिनांना चढवून घेतात आणि संदेशवहनाची व वाहतुकीची केंद्रे बनतात. कल्पना इतकी देखणी होती की पुढच्या दहा वर्षांत कर्करोगापासून एचआयव्हीपर्यंत जवळजवळ प्रत्येक विषयात हे तराफे, म्हणजे 'राफ्ट', दिसू लागले.

पुरावा काय होता? बहुतेक ठिकाणी एकच. पेशी ४ अंशांवर थंड करायच्या, त्यांवर ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ टाकायचा, आणि जे विरघळत नाही ते गोळा करायचे. १९९२ मध्ये ब्राउन आणि रोझ यांनी या रीतीने न विरघळलेल्या भागात ठरावीक मेद आणि प्रथिने एकत्र सापडल्याचे दाखवले होते. त्यांचा प्रयोग काळजीपूर्वक होता. पण ती रीत पुढे सरसकट वापरली गेली आणि कोणीही न विरघळलेला गाळ दाखवून राफ्ट सापडल्याचे सांगू लागले. इथे थंडीने फसवले. ३७ अंशांवर मिसळून असलेले मेद ४ अंशांवर वेगळे होणारच, ते मेदाच्या स्वभावातच आहे. त्यात २००२ मध्ये हाइको हीरक्लॉट्झ यांनी दाखवले की ट्रायटन स्वतःच मेदांच्या मिश्रणात सुव्यवस्थित पट्टे तयार करायला मदत करते. म्हणजे जे मोजायचे तेच मोजमापाच्या साधनाने निर्माण केले होते. २००३ मध्ये शॉन मन्रो यांनी 'सेल'मध्ये या सगळ्या कल्पनेलाच आव्हान दिले. माझ्या मते ते आव्हान आवश्यक होते. शेकडो निबंधांचा पाया एका थंड नळीवर उभा राहावा, ही विज्ञानाला शोभणारी गोष्ट नव्हे.

२००६ मध्ये एका परिषदेत शास्त्रज्ञांनी बसून व्याख्या ठरवली: १० ते २०० नॅनोमीटर आकाराचे, सतत बदलणारे, कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडने समृद्ध क्षेत्र. व्याख्या सावध होती, पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. साध्या सूक्ष्मदर्शकाला दोन-अडीचशे नॅनोमीटरपेक्षा लहान काही वेगळे दिसत नाही. म्हणजे व्याख्येत बसणारी वस्तू दिसण्याच्या बरोबर पलीकडे होती.

मग दिसणारे ठिपके कुठून आले? २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पेशींवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांच्या पटलाचे मोठाले फुगे सोडवून घेतले गेले. हे फुगे थंड केल्यावर त्यांत मोठे, स्पष्ट दोन भाग पडले. पण तीच पेशी, फुगा न सोडवता, कितीही निरखली तरी तसे काही दिसत नव्हते. फुग्यात आणि पेशीत फरक होता तो पटलाखालच्या ॲक्टिन या प्रथिनाच्या जाळ्याचा, सतत चालणाऱ्या मेदांच्या देवाणघेवाणीचा आणि ऊर्जेचा. दुधातला चरबीचा गोलकही या अर्थाने निसर्गाने सोडवलेला फुगाच आहे: पेशीचे पटल आहे, पेशीची हुकमत नाही. म्हणून त्यात ठिपके मोठे आणि स्थिर दिसतात. सारा व्हीच यांनी २००८ मध्ये दाखवले की फुग्यांतली ही विभागणी साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान होते. शरीराच्या तापमानाला उरतात त्या पन्नास नॅनोमीटरपेक्षा लहान, येत-जात राहणाऱ्या लहरी. २०२० मध्ये दोन गटांनी गोठवून केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून पटलातल्या जाडीचे नॅनोमीटर पातळीचे फरक प्रत्यक्ष दाखवले. सुव्यवस्थित भाग जाड असतो, कारण ताठ शेपट्या जास्त उंची घेतात.

जिवंत पेशीवरचे पुरावे मात्र अजून एका सुरात बोलत नाहीत, आणि ते तसे आहेत हे स्पष्ट सांगायला हवे. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांनी एकेक रेणूचा सेकंदाला चाळीस हजार चित्रांच्या वेगाने माग काढला. त्यांना दिसले ते राफ्ट नव्हते, तर ॲक्टिनच्या जाळ्याने पाडलेले वाफे होते. त्यांतून मेद काही मिलिसेकंदांनी उडी मारून शेजारच्या वाफ्यात जातो. २००९ मध्ये गटिंगेनच्या श्टेफान हेल यांच्या गटाने दाखवले की स्फिंगोलिपिड २० नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत दहा-वीस मिलिसेकंद अडकतो आणि कोलेस्टेरॉल काढून घेतल्यावर हे अडकणे कमी होते. उलट २०१३ मध्ये आयसोटोप मोजणाऱ्या एका रीतीने स्फिंगोलिपिडच्या वस्त्या सापडल्या, पण त्यांत कोलेस्टेरॉल जास्त नव्हते. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या गटाने तर राफ्टचे नमुनेदार प्रवासी मानले जाणारे प्रथिनच जिवंत पटलात सुव्यवस्थित भागात राहत नसल्याचे मांडले. निःसंदिग्ध, डोळ्यांना दिसणारी विभागणी जिवंत पेशीत एका ठिकाणी मात्र मिळाली आहे: उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशीतल्या रिक्तिकेच्या पटलावर. २०१३ मध्ये तूलमे आणि प्रिन्झ यांनी ती दाखवली. तिथले भाग फुटबॉलवरच्या नक्षीसारखे स्वच्छ दिसतात.

या कोड्यात सर्वांत नेटकी वाट काढली ती, माझ्या वाचनात, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने. हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा. मुंबईच्या आयआयटीतून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेले सत्यजित मेयर यांनी हे काम तिथे केले. १९९८ मध्ये रजत वर्मा आणि मेयर यांनी जिवंत पेशींत, पेशी न मारता, न थिजवता, एक युक्ती वापरली. दोन चमकणारे रेणू अगदी जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते. हा बदल मोजला तर रेणू किती जवळ आहेत हे कळते, ते दिसण्याची गरज पडत नाही. त्यातून आणि २००४ च्या पुढच्या कामातून जे समोर आले ते राफ्टच्या चित्रापेक्षा खूप वेगळे होते: मेदाच्या नांगराने पटलाला बांधलेली प्रथिने दोन ते चारच्या गटांत, जेमतेम काही नॅनोमीटरच्या पुंजक्यांत असतात, आणि एकूण रेणूंपैकी २० ते ४० टक्केच अशा पुंजक्यांत असतात, बाकीचे एकटे. मदन राव या भौतिकीच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी पुढे दाखवले की हे पुंजके आपोआप साकळत नाहीत. पटलाखालचे ॲक्टिनचे छोटे धागे ऊर्जा खर्चून ते जमवतात आणि विखरूही देतात. २०१५ च्या त्यांच्या निबंधाने दुवा जोडला: पटलाच्या आतल्या थरातला लांब शेपट्यांचा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद ॲक्टिनने धरून ठेवला की बाहेरच्या थरातल्या लांब शेपट्या त्याच्याशी जुळतात आणि तिथे सुव्यवस्था तयार होते. कोलेस्टेरॉल दोघांना सांभाळून घेते.

याचा अर्थ असा की जिवंत पेशीत मेदांची शिस्त ही फक्त तापमानाची देणगी नाही. पेशी ती राखते. पेशी मेली, फुगा सुटला किंवा थंडी पडली की राखणारा हात जातो, आणि मग मेद आपल्या मूळ स्वभावाप्रमाणे मोठमोठ्या वस्त्या करतात. जुन्या प्रयोगांना दिसल्या त्या या वस्त्या.

आकार लहान असला तरी परिणाम लहान नसतो, याचा मुंबईतला दाखला मला फार आवडतो. टाटा संस्थेत असताना रूप मलिक (ते पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले) आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये 'सेल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोगजंतू गिळल्यावर पांढरी पेशी त्याला एका पिशवीत ठेवते. ती पिशवी पेशीच्या आत ओढत न्यावी लागते, जिथे जंतू पचवला जातो. ओढणारी प्रथिनयंत्रे म्हणजे डायनीन. एकटे डायनीन अशक्त असते. मलिक यांनी दाखवले की पिशवी जुनी होत जाते तसे तिच्या पटलात कोलेस्टेरॉल वाढते, त्याच्या क्षेत्रांत डायनीन एकत्र गोळा होतात आणि मग मिळून जोर लावतात. काळा आजार करणारा लीशमानिया हा परजीवी आपल्या अंगावरचा एक मेद त्या पटलात सोडतो, त्याने ही क्षेत्रे मोडतात आणि पिशवी पचनाच्या जागी पोहोचत नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटानेही दाखवले होते की लीशमानियाला पेशीत शिरण्यासाठी यजमानाचे कोलेस्टेरॉल लागते. त्या अभ्यासातले थॉमस पुकाडिल आज पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) पटल कसे चिमटून तोडले जाते याचा अभ्यास करतात.

टाटा संस्थेत सुदीप्त मैती यांनी केलेले काम आणखी धाडसी आहे. त्यांनी मांडले की सेरोटोनिन हे मेंदूतले संदेशद्रव्य ग्राहक प्रथिनाविनाही थेट मेदांच्या रचनेत शिरून पटलाचा कडकपणा बदलू शकते. हे मत अजून सर्वमान्य नाही, पण ते तपासण्यासारखे आहे. मुंबईच्याच आयआयटीत शोभना कपूर क्षयरोगाच्या जंतूच्या मेदांची व्यवस्था अभ्यासतात. त्या जंतूचे जाड, मेणचट कवच औषधांना अडवते, म्हणून हे काम महत्त्वाचे.

आता पशुपालकाच्या जवळचा विषय. गाय माजावर आली की डॉक्टर किंवा रेतन करणारा कार्यकर्ता नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या रेताची कांडी काढतो. पुणे जिल्ह्यात या कामाचे मोठे नाव म्हणजे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे उभी केलेली बाएफ संस्था. संकरित गाई आणि गोठवलेले रेत महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचवण्यात तिचा वाटा मोठा आहे. कांडीत पाव मिलिलिटर रेत उणे १९६ अंशांवर असते. ज्या थंडीने प्रयोगशाळेत फसवले, तीच थंडी इथे रोजची आहे, आणि तिची किंमत गाय उलटली की कळते.

वळूच्या शुक्रपेशीचे पटल थंडीला फार नाजूक असते. त्याच्या मेदांत खूप वाकलेल्या, बहु-असंपृक्त शेपट्या असतात आणि कोलेस्टेरॉल कमी असते. १९७७ मध्ये तुलना झाली तेव्हा माणूस आणि ससा यांच्या शुक्रपेशींत कोलेस्टेरॉलचे प्रमाण बरेच जास्त आढळले, आणि त्या थंडीचा झटका सहन करतात. मेंढा आणि वळू यांच्या करत नाहीत. १९९३ मध्ये ड्रॉब्निस, क्रो आणि सहकाऱ्यांनी थेट दाखवले की हे नुकसान मेदांच्या अवस्थाबदलामुळे होते. थंड होताना सरळ शेपट्यांचे मेद आधी थिजतात आणि प्रथिनांना बाजूला ढकलतात. थिजलेल्या व वाहत्या भागांच्या सीमेवर गळती होते आणि कॅल्शियम आत शिरते. पुन्हा गरम केल्यावर सगळे जुन्या जागी परतत नाही. बाकीच्या पेशी नवे मेद तयार करून पटल सावरतात. शुक्रपेशीकडे तो कारखाना जवळजवळ नसतो, म्हणून तिच्यात थंडीने केलेली वाताहत उघडी पडते.

यावरचे उपाय अनुभवातून आधी आले, कारणे नंतर कळली. १९३९ मध्ये फिलिप्स यांनी अंड्याचा बलक रेतात घातला. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये पोल्ज आणि सहकाऱ्यांना ग्लिसरॉलचा उपयोग सापडला आणि रेत गोठवणे शक्य झाले. बलक का चालतो, हे पुढे कळले: वीर्यातली काही प्रथिने शुक्रपेशीच्या पटलातून कोलेस्टेरॉल आणि मेद ओढून घेतात, आणि बलकातले लिपोप्रोटीन त्या प्रथिनांना स्वतःला बांधून घेते. २००४ मध्ये पर्डी आणि ग्रॅहम यांनी उलट वाट घेतली. वळूच्या शुक्रपेशीत गोठवण्याआधी कोलेस्टेरॉल भरले, तर जास्त पेशी वाचतात.

यात एक पेच आहे. गर्भधारणेसाठी शुक्रपेशीला गाईच्या अंगात आपले कोलेस्टेरॉल सोडावे लागते. त्यानंतरच तिचे पटल अंड्याशी जुळायला सैल होते. चँग आणि ऑस्टिन यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे ही तयारीची पायरी शोधली. गोठवून वितळलेली शुक्रपेशी या पायरीवर वेळेआधीच पोहोचल्यासारखी वागते, म्हणून तिचे आयुष्य कमी. माज दिसल्यावर साधारण बारा तासांनी रेतन करा, कांडी टाकीच्या तोंडाशी जास्त वेळ धरू नका, ३७ अंशांच्या पाण्यात निदान अर्धा मिनिट वितळवा, या सूचनांमागे पटलातल्या मेदांची हीच अवस्था आहे. कोमट पाण्याचा अंदाज हाताने घेणे म्हणजे या नाजूक पटलाशी जुगार खेळणे आहे. थर्मामीटर लागतोच.

एकूण निवाडा काय? तराफ्यांचे, स्थिर बेटांचे चित्र जिवंत, उबदार पेशीपुरते सोडून द्यावे. मेदांची सुव्यवस्था मात्र खरी आहे. ती नॅनोमीटरच्या, क्षणजीवी पुंजक्यांत असते, पेशी ती ऊर्जा खर्चून राखते, आणि रोगजंतूंशी लढण्यापासून गर्भधारणेपर्यंत ती उपयोगी पडते. ज्या निबंधाचा पुरावा फक्त ४ अंशांवरच्या न विरघळलेल्या गाळाचा असेल, त्यावर विश्वास ठेवण्याचे आता कारण नाही.

एक काम मात्र आपल्या जिल्ह्यातच करता येण्यासारखे आहे. म्हशीचे रेत गोठवल्यावर गाईच्या मानाने जास्त खराब होते, ही तक्रार जुनी आहे, आणि महाराष्ट्राकडे पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी अशा स्वतःच्या म्हशींच्या जाती आहेत. त्यांच्या शुक्रपेशींच्या पटलातला मेद, त्याचे थिजण्याचे तापमान आणि कोलेस्टेरॉलचा हिशेब यांवर एक नीट, जातवार अभ्यास हवा. पटल मोजणारे हात पाषाणच्या आयसरमध्ये आहेत, रेत गोठवणारे उरुळी कांचनला. विद्यापीठांनी आणि पशुसंवर्धन खात्याने या दोघांना एका टेबलाशी बसवावे. त्याचा पहिला फायदा केंदूरसारख्या गावांतल्या पशुपालकाला होईल.